त्यानं दुसऱ्यांदा विचारलंच न्हाई

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

पिंपळगाव रेणुकाई,
मंगळवार, दुपारचं जेवण झाल्यावर

सौ. उषाबाई विहीणबाई, मुक्काम मंठा, यांना पिंपळगावच्या दैवशालाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरंच वाकले. गुडघ्यात कळ आली, सरळ व्हायला वेळ लागंल, तवर पत्र लिहून घेते.) सर्जेराव पाव्हण्यांना रामराम. त्यांच्या पोटाचं आता कसं हाये? मागच्या खेपेला इकडं आल्ते तव्हा आमच्या ठेच्याला नावं ठेवत ठेवत चार भाकरी खाल्ल्या, त्याला आम्ही काय करणार. बाळंतिणीच्या कानाला रुमाल बांधता ना? शेक-शेगडी बराबर चालू हाये ना? आन आपली बारकी? बारसं व्हायचं म्हणून तिला अजून नाव न्हाई, पण नाक हाये, आन ते आमच्याकडचं हाये, एवढं मी दवाखान्यात एका दिवसात बघून घेतलं. तुम्ही म्हणल्या व्हत्या, नाक मंठ्याचं हाये. मंठ्याला एवढं सरळ नाक मी तरी कोणाचं बघितलं न्हाई. राग मानू नका, विहिणीला चार शब्द लावल्याशिवाय मला पेन चालवता येत न्हाई.

आता मुद्द्याचं. मुद्दा कोणता न्हाई ते आधी सांगते. त्या दिवशी फोनवर तुम्ही म्हणल्या, बारशापोतर इकडंच येता का ऱ्हायला, नातीपशी ऱ्हावा. मी म्हणलं, नको बाई, कशाला तुम्हाला तरास. तुम्ही म्हणल्या, बरं, जशी तुमची मर्जी. आन फोन ठेवला. ठेवला! मला वाटलं रेंज गेली आसंल. मी फोन घेऊन गच्चीवर गेले, तिथून पाण्याच्या टाकीपशी गेले, तिथं रेंजच्या चारी दांड्या व्हत्या तरी फोन काय आला न्हाई. तर त्याचा मला बिलकुल राग न्हाई आन हे पत्र त्याच्यासाठी न्हाई. हे पत्र कंप्युटरबद्दल हाये.

तुम्हाला माहीत हाये, आमच्या बायांचा बचत गट मिरचीचं तिखट करतो. जालन्याचे मयंकशेठ म्हणले, मावशी, माल एक नंबर हाये, पण आजकाल गिऱ्हाईक आधी फोनवर बघतं मंग दुकानात येतं, तुमची वेबसाइट दाखवा, मी माल ठेवतो. आपली जान्हवी, तुमची लेक आन माझी सून, पुण्याला कंपनीत तेच काम करती, ती म्हणली मी करून देते. पण तिचे दिवस भरत आले आन ती तुमच्याकडं आली. जाताना जुना लॅपटॉप माझ्यापशी ठेवला, मिरचीचे फोटो त्यात भरून ठेवले, म्हणली बाकीचं मी मंठ्याहून करीन. ते तिनं केलंबी असतं. पण विहीणबाई, तुम्ही तिचा कंप्युटर आन फोन दोन्ही कपाटात घालून किल्ली कमरेला लावली, का तर बाळंतिणीनं उजेडाकडं बघितलं की डोळे जातात. (बराबर हाये तुमचं. माझ्या सासूनं तर मला वाटीतल्या तेलाकडंबी बघू दिलं नव्हतं, त्यात उजेड पडतो म्हणून.) मंग सगळं काम आलं माझ्या अंगावर. आन रविवारी गटाची बैठक, तिथं साइट दाखवायची. आमची अध्यक्ष कौसल्या तुम्हाला ठाऊक हाये, लग्नात जिनं तुमच्या जिलबीचा पाक मोजला व्हता ती. ती म्हणली, दैवशाला, जमत नसंल तर सांग, माझा भाचा करून देईल, तो लई शिकलेला हाये. कौसल्याच्या भाच्याचे उपकार घ्यायच्या आधी मी त्या लॅपटॉपचा ठेचा करून खाल्ला असता. म्हणलं, जमतंय की, मी करून राह्यले.

मी सातवी पास बाई. इंग्रजी अक्षरं ओळखते, ती एकापुढं एक उभी राह्यली की मातर ओळख देत न्हाईत. पण जान्हवी म्हणली, आत्या, तुम्हाला काहीच लिहायचं न्हाई. एक काळा पडदा उघडायचा, त्यात मी सांगते ती एक ओळ टाकायची आन एंटर दाबायचा. आत एक हत्यार हाये, ते तुम्हाला चार प्रश्न विचारंल, तुम्ही उत्तरं द्यायची, का ते वेबसाइटचा सगळा ढाचा आपल्या हातानं उभा करून देतं. भिंती, दारं, खिडक्या, सगळं. मंग आपण नुसतं सामान लावायचं. (हे ती कधी बोलली म्हणता? तुम्ही आंघोळीला गेल्या की ती तुमच्याच फोनवरून मला फोन करती. हे तुम्हाला माहीत नव्हतं. आता झालं.)

तर मी हातपाय धुऊन बसले. काळा पडदा उघडला. काळ्यावर सुरुवात करायला जीव धजेना, पण म्हणलं चला. नव्या कामाच्या आधी श्री लिहायचा म्हणून मी कसाबसा मराठीत श्री लिहिला आन एंटर दाबला. ते हत्यार म्हणलं असा हुकूम मला माहीत न्हाई. पहिल्याच पावलाला ही तऱ्हा. मंग जान्हवीनं सांगितलेली ओळ एकेक अक्षर शोधून टाकली. त्यानं पहिला प्रश्न विचारला, नाव काय ठेवायचं. मी देवीचं नाव लिहिलं, पहिलं अक्षर मोठं काढलं. ते म्हणलं मोठं अक्षर चालत न्हाई. आता देवीचं नाव बारक्या अक्षरात कसं लिहू? मंग देवीला त्यात पाडलंच न्हाई, नुसतं मिरची लिहिलं. मिरचीला बारकं लिहिलं तरी ती आपलं काम करतीच.

आता इथून पुढं नीट वाचा, कारण चूक कोणाची ते तुम्हीच ठरवायची हाये. त्यानं विचारलं, एकापेक्षा जास्त पानं हवीत का? शिखर गाठल्यावानी मला आनंद झाला, का प्रश्न कळला. पण विहीणबाई, आपल्यात पहिल्या खेपेला कोणी हो म्हणतं का? पहिल्यांदाच आपण त्याच्या दारात गेलेलो, धड ओळख न्हाई, आन लगीच आणा म्हणायचं? मी नको म्हणलं. म्हणलं, विचारंल परत. ते पुढच्या प्रश्नाला गेलं. रंगरंगोटीचं सामान देऊ का? मी म्हणलं, नको, कशाला. ते पुढं. चुका तपासणारा माणूस ठेवू का सोबत? नको, आमचं आम्ही बघू. ते परत पुढं! एकदाबी म्हणलं न्हाई का अहो घ्या हो, थोडं तरी घ्या, आमच्या समाधानासाठी घ्या. त्यात प्रश्नाच्या पुढं कंसात हो आन न्हाईचं एकेक अक्षर दिलेलं, त्यातलं हो चं बारकं आन न्हाई चं मोठं. म्हणजे हे असं झालं का घरवाली ताट घेऊन आली खरी, पण उभी राह्यली सैपाकघराच्या दारातच, आन तोंडानं वाढू का म्हणून राह्यली आन मनात म्हणती, ही न्हाई म्हणली तर बरं. अशा घरी मी तर पाणीबी पीत न्हाई. मी सगळ्याला नको म्हणून मोकळी झाले, आन वाट बघत बसले आग्रहाची.

आग्रह न्हाई आला, सामान आलं. दुसरी ओळ टाकली का ते बाहेरून सामान मागवतं. विहीणबाई, मागवलं व्हतं चार जणांला, आलं अख्खं वऱ्हाड. एकेकानं आपले पाव्हणे आणले, पाव्हण्यांनी त्यांचे पाव्हणे आणले, पडद्यावर नुसती नावं धावू राह्यली. त्यातल्या कोणाकोणाच्या नावापुढं चिठ्ठी व्हती, का हा आता जुना झाला, याला कोणी सांभाळत न्हाई, याच्या भरवशावर ऱ्हाऊ नका. (तशीच चिठ्ठी आमच्या लेकानं, स्वानंदनं, माझ्या पाठीला लावली नसंल ना म्हणून मी आरशात बघून आले.) आन सगळं वऱ्हाड बसल्यावर खाली बारीक अक्षरात काय लिहिलं म्हणता? यातले इतके इतके जण वर्गणी मागून राह्यले. लग्नाला आले आन पावतीबुक काढलं! मी पडद्याला म्हणलं, गणपतीत या.

मंग तिसरी ओळ टाकली आन वेबसाइट उघडली. पांढरं पान. त्यावर डाव्या कोपऱ्यात काळ्या अक्षरात मिरची. बस. ना रंग, ना दुसरं पान, ना दार, ना खिडकी. गिलावा न केलेल्या घरावर कोळशानं नाव लिहिल्यावानी. पण मला काय माहीत, मला तेच लई वाटलं. मी लगीच कौसल्याला फोन केला, का बघ म्हणलं, झाली साइट, हा पत्ता टाक फोनमध्ये. तिनं टाकला. तिला काहीच दिसंना. मी म्हणलं, तुझा फोन गरीब हाये. तिनं भाच्याचा फोन घेतला. त्यातबी काही दिसंना. मंग ती पदर खोचून घरी आली, लॅपटॉपमध्ये डोकावली आन म्हणली, बाई गं दैवशाला, तुझी साइट तुझ्याच घरात दिसती व्हय? मंग गिऱ्हाईकाला जेवायलाच बोलव ना एकेकाला. आन गेली हसत हसत. नंतर जान्हवीनं सांगितलं, का ते अजून आपल्याच मशीनवर चालू हाये, बाहेर जायला अजून वेळ हाये. हे आधी सांगायला नको? पण ती तरी काय करणार, तुमची आंघोळ लई जल्दी उरकती. जरा अंगाला उटणं लावत जा.

जान्हवीनं विचारलं, आत्या, तुम्ही सगळ्याला नको का म्हणलं? मी म्हणलं, अगं, त्यानं परत विचारलंच न्हाई. तर ती अशी हसली, अशी हसली, का टाके दुखले म्हणून ओरडली आन पलीकडं बारकी उठून रडायला लागली, आन तेवढ्यात न्हाणीच्या दाराची कडी वाजली आन फोन बंद झाला. म्हणजे नातीचं रडणं मी ऐकलं ते तेवढंच. आवाजबी आमच्याकडचाच हाये.

आता दुसऱ्या खेपेला मी ठरवलं, का हे हत्यार आपल्यातलं न्हाई, हे कोण्या तुटक गावचं हाये, इथं लाजून चालायचं न्हाई, जे विचारंल त्याला हो म्हणायचं. बसले. तीच ओळ टाकली, तेच नाव दिलं. त्यानं काहीतरी नवंच विचारलं. मी अर्धंबी वाचलं न्हाई, म्हणलं हो. पुढं हो. अजून पुढं हो. रंगरंगोटी हो, पानं हो, तपासनीस हो, त्यानं माझी शेती मागितली असती तरी त्या घडीला हो. आन ढाचा काय उभा राह्यला म्हणता, झकास! मंग फोटो लावायला गेले तर फोटोच न्हाईत. पहिला प्रश्न काय व्हता ते मंग कळलं. तो म्हणत व्हता, या जागेत आधीचं सामान हाये, ते सगळं टाकून देऊ का? आन मी पदर पसरून हो म्हणले.

मिरचीचे फोटो गेले त्याचं काय न्हाई, मिरच्या जाग्यावर हायेत, परत काढता येतील. पण विहीणबाई, त्याच जागेत मी बारकीचे फोटो ठेवले व्हते. जान्हवीनं पाठवलेले सगळे. माझा फोन भरला व्हता, (सर्जेराव पाव्हणे रोज सकाळी फुलाचं चित्र आन शुभ सकाळ पाठवतात ना, त्यानंच भरला) म्हणून मी ते तिकडं नेले आन फोनमधून पुसले, का मोठ्या पडद्यावर तिचं नाक नीट बघता यील. मला एकच जागा उघडता येत व्हती, मिरचीची, म्हणून मिरचीत ठेवले. गेले सगळे. मी जान्हवीला म्हणलं, परत आणता येत न्हाई का? ती म्हणली, न्हाई आत्या, ते हत्यार टोपलीत टाकत न्हाई, सरळ पुसतं. त्या दिवशी मंग मी दुसरं काही केलं न्हाई. भाकरीबी एकच टाकली.

म्हणताल, परत पाठवते फोटो. नका पाठवू. पोरगी रोज बदलून राह्यली, जुने फोटो बघून काय करू. आता हिचे डोळे उघडे ऱ्हात असतील, मूठ धरत असंल. असो. तो मुद्दा न्हाई.

तिसऱ्या खेपेला मातर मी प्रश्न वाचून उत्तर दिलं. जान्हवीला तुमच्या दोन आंघोळी आन एक देवपूजा लागली, पण तिनं एकेक शब्दाचा अर्थ सांगितला आन मी शाळेतल्या पोरीवानी लिहून घेतला. ज्याला हो ते हो, ज्याला नको ते नको. शिवाजीच्या मळ्यात जाऊन नवे फोटो काढले. (हा शिवाजी म्हणजे तुमच्याकडं जीप घेऊन येतो तो, हेच पत्र घेऊन आलाय, त्याला चहा द्या, बिनसाखरेचा. मागंल साखर, देऊ नका.) मंग शेवटची ओळ. जान्हवी म्हणली, आत्या, हे म्हणजे आपलं कांडप. एवढा वेळ आपण मिरच्या वाळवल्या, देठं काढली, आता सगळं कांडपात घालायचं, का बारीक होऊन एका डब्यात येतं, आन तो डबा तेवढा बाहेर पाठवायचा. अगं मंग हे आधी सांगायचं ना, मी म्हणलं, जन्म गेला कांडपात. ओळ टाकली. घुर्र न्हाई, ठसका न्हाई, पाणी पिऊन येईस्तोवर झालंबी. एवढ्या सुखाचं कांडप मी जन्मात बघितलं न्हाई. डबा कुठं पाठवायचा तेबी तिनं सांगितलं, तिथं फुकट जागा मिळती म्हणे.

रविवारी बैठकीत मी पत्ता सांगितला आन सगळ्या बायांच्या फोनवर लाल भडक मिरची उघडली. कौसल्यानं फोन उलटा केला, सुलटा केला, चष्मा पुसला. मंग म्हणली, रंग जरा जास्तच लाल झालाय. मी म्हणलं, तुझ्या भाच्याला सांग, पुसून देईल. मयंकशेठचाबी निरोप आला, माल पाठवा.

तर असं सगळं बेस झालं. फक्त एक गोष्ट मला सांगायची व्हती. ते हत्यार कुठल्या तरी लांबच्या मुलखातल्या पोरांनी केलं, त्यांना आपली रीत कशी माहीत असणार, एकदा विचारलं आन पुढं गेले. त्यांना मी माफ केलं. पण मंठा काय लांबचा मुलूख न्हाई. मंठ्याच्या माणसाला माहीत पाहिजे, का विहीण नको म्हणती ते म्हणायचं असतं म्हणून म्हणती. बस, एवढंच. हे मी कोणाला लावून न्हाई बोलत.

सगळ्यांना माझा नमस्कार सांगा, बारकीला दोन पाप्या द्या, एक माझी आन एक तिच्या आजोबांकडून. ते असते तर आतापोतर न बोलावता जाऊन बसले असते, त्यांना रीतभात कमीच व्हती. जिवाला जपा, आंघोळ सावकाश करा.

तुमची विहीण,
दैवशाला -y

ता. क. पुन्हा विचारायचं असंल तर फोनवर विचारा. पहिल्यांदा मी म्हणीन, नको, इथं मिरच्या वाळत घातल्यात. दुसऱ्यांदा म्हणीन, बघते बाई, जमंल असं वाटत न्हाई. तिथं फोन ठेवू नका.

ता. क. दुसरा. साइटवर खाली गिऱ्हाईकांसाठी फोन नंबर द्यायचा व्हता. माझा फोन फुलांनी भरलेला, म्हणून तुमचा देऊन टाकला. कालपासून तुम्हाला तिखटाचा भाव विचारणारे फोन येत असतील तर घाबरू नका, ते चोर न्हाईत, आमचे गिऱ्हाईक हायेत. तुम्हाला भाव सांगता यायचा न्हाई, आन चुकीचा सांगितला तर कौसल्या मंठ्याला येईल, म्हणून फोन घ्यायला आमच्यातलं माणूस तिथं असलेलं बरं. किती दिवस ते गिऱ्हाईकावर हाये. तिखट वर्षभर खपतं.

ता. क. तिसरा. माझ्या सहीपुढं आडवी रेघ आन एक इंग्रजी अक्षर दिसंल, तो तेलाचा डाग न्हाई. जान्हवीनं आज सकाळी शिकवलं (तुम्ही दळणाला गेल्त्या), का ओळीच्या शेवटी हे लावलं की ते हत्यार काहीच विचारत न्हाई, सगळ्या प्रश्नांना आधीच हो धरून चालतं. मी म्हणलं, अगं, कोणी विचारलंच न्हाई तर मान कसला राह्यला? म्हणून लावणार नव्हते. पण मंग बारकीची मूठ आठवली आन लावलं.

ता. क. शेवटचा. शिवाजी परत येताना जीप रिकामीच असती म्हणे, पण आज मंठ्याला येतानाबी एक जागा रिकामी व्हती. म्हणजे हे पत्र तुम्ही वाचून राह्यल्या तव्हा मी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी जीपमध्येच बसलेली असंन, पिशवी मांडीवर. चहा तिथंच पाठवू नका, आन मला उतरवून घ्यायला तर बिलकुल कोणी येऊ नका. नको, उगीच कशाला तरास.